स्क्रिप्टच्या आज्ञेतील सॉफ्टवेअर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरकडून तेच ते काम आपोआप कसे करून घ्यावे आणि त्यासाठी कोणती भाषा शिकावी, असे वाचक विचारतात. पत्रे पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यातून, अंबडच्या कारखान्यांतून, नाशिक शहरातल्या डीटीपी केंद्रांतून आणि लासलगावच्या बाजारातून आली आहेत. उत्तरे देताना एक गोष्ट मी मुद्दाम वारंवार सांगितली आहे : भाषेची निवड नंतर करावी, आपले सॉफ्टवेअर बाहेरून आज्ञा घेते का आणि कोणत्या स्वरूपात घेते, हे आधी पाहावे.

प्रश्न (द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमधील कर्मचारी, पिंपळगाव बसवंत) : हंगामात रोज प्रत्येक बागायतदाराची एक, अशा अनेक एक्सेल फाइली आमच्याकडे जमा होतात. प्लॉटचा नोंदणी क्रमांक, वाण, पेट्या आणि वजन त्यांतून उचलून एका मुख्य फाइलीत आणावे लागते. आपल्या कृती नोंदवून त्या पुन्हा चालवणारा मॅक्रो रेकॉर्ड करून पाहिला, पण दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसाची नोंद पुसून त्याच ओळीत नवी नोंद टाकतो. काही जण म्हणतात, मॅक्रो सोडा आणि पायथन शिका. स्क्रिप्ट म्हणजे नेमके काय आणि आम्ही काय करावे?

उत्तर : स्क्रिप्ट हाही प्रोग्रामच असतो, पण त्याची कामाची जागा वेगळी असते. एक्सेलसारखे मोठे सॉफ्टवेअर आधीच यंत्रभाषेत रूपांतरित होऊन आपल्या संगणकावर आलेले असते आणि त्याच्या आत आपल्याला फेरफार करता येत नाही. स्क्रिप्ट त्या तयार सॉफ्टवेअरला आज्ञा देते : ही फाइल उघड, या सेलमधले मूल्य घे, तिकडे लिही, फाइल बंद कर. आकडेमोड, मांडणी, छपाई ही जड कामे सॉफ्टवेअर स्वतःच करते. कामांचा क्रम आणि अटी तेवढ्या स्क्रिप्ट ठरवते. म्हणूनच वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट एका माणसाचे सकाळभराचे काम उरकू शकते.

या आज्ञा कशाला उद्देशून दिल्या जातात, हे समजणे भाषेच्या व्याकरणाहून महत्त्वाचे आहे. एक्सेलने आपली अंतर्गत रचना एका उतरंडीच्या रूपात बाहेरच्यांसाठी खुली केलेली आहे : सर्वांत वर ॲप्लिकेशन, त्यात वर्कबुक, वर्कबुकात वर्कशीट आणि शीटमध्ये रेंज, म्हणजे सेलचा पट्टा. हिला ऑब्जेक्ट मॉडेल म्हणतात. १९९३ साली एक्सेल ५ बरोबर व्हीबीए ही भाषा आली ती याच उतरंडीशी बोलण्यासाठी, आणि आपण रेकॉर्ड केलेला मॅक्रो याच भाषेत लिहिला गेलेला आहे. ऑल्ट आणि एफ११ या कळा एकत्र दाबल्या की तो वाचता येतो. एकदा अवश्य वाचून पाहावा.

वाचल्यावर बिघाड लगेच दिसेल. मुख्य शीटवर जाऊन आपण ४८व्या ओळीत पेस्ट केले, तेव्हा रेकॉर्डरने ‘ए४८ निवड आणि पेस्ट कर’ एवढेच लिहून ठेवले. ‘शेवटच्या भरलेल्या ओळीच्या खाली’ हा आपल्या मनातला हेतू त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तो हेतू आपल्याला हाताने लिहावा लागतो : पहिल्या स्तंभात शीटच्या अगदी तळाच्या ओळीपासून, म्हणजे हल्लीच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६व्या ओळीपासून, वर सरकत जा, पहिला भरलेला सेल सापडला की थांब, आणि त्याच्या खालच्या ओळीत लिही. व्हीबीएमध्ये ही एकच ओळ आहे. तिच्याभोवती ‘या फोल्डरमधील प्रत्येक फाइलीसाठी’ असे आवर्तन घातले की आपले काम जवळजवळ झाले. निवडणे, कॉपी करणे, पेस्ट करणे हे सारे टप्पेही काढून टाकता येतात, कारण एका सेलचे मूल्य दुसऱ्या सेलला थेट देता येते. त्यामुळे पडदा लुकलुकणे थांबते आणि वेगही पुष्कळ वाढतो.

पायथनबद्दल सांगायचे तर तेथे दोन निरनिराळे मार्ग आहेत आणि सल्ला देणारे बहुधा त्यांची गल्लत करतात. ओपनपायएक्सएलसारखी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, एक्सेलला हातही न लावता थेट फाइल वाचते आणि लिहिते. त्या संगणकावर एक्सेल नसले तरी चालते, पण ती सूत्रांची आकडेमोड करत नाही, कारण आकडेमोड करणारे एक्सेल तेथे हजरच नसते. एक्सएलविंग्जसारखी लायब्ररी मात्र चालू एक्सेलला आज्ञा देते, म्हणजे व्हीबीए जे करते तेच दुसऱ्या भाषेतून करते. रोज शेकडो फाइली असतील किंवा हे काम उद्या दुसऱ्या संगणकावर रात्री आपोआप व्हायला हवे असेल, तर पहिला मार्ग उत्तम. आपल्या वर्णनावरून मला वाटते की सध्या व्हीबीएच पुरे आहे, कारण ते आपल्याकडे आधीच आहे आणि आपल्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या कर्मचाऱ्यालाही बटण दाबून चालवता येईल.

तीन सावधगिरीच्या सूचना. मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम या प्रकारातच जतन करावी, नाही तर मॅक्रो गळून जातो. मॅक्रोने केलेला बदल ‘अनडू’ने परत फिरत नाही, म्हणून मुख्य फाइलीची प्रत घेणे ही मॅक्रोचीच पहिली ओळ असू द्यावी. आणि नोंदणी क्रमांकाचा स्तंभ आधीच टेक्स्ट स्वरूपाचा करून ठेवावा. एक्सेल संख्येचे १५ पेक्षा अधिक अंक राखत नाही आणि सुरुवातीची शून्येही गाळते. परदेशी पाठवायच्या मालाचा माग ज्या क्रमांकावरून काढला जातो, त्यातला एक अंक बदलणे परवडणारे नाही.

प्रश्न (सीएनसी जॉबवर्क करणारे लघुउद्योजक, अंबड एमआयडीसी) : आमच्या फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) जॉबमध्ये पीसीडी, म्हणजे होल ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, आणि होलची संख्या दर ऑर्डरला बदलते, म्हणून दर वेळी नवा प्रोग्राम करावा लागतो. शिवाय कॅममधून, म्हणजे आराखड्यावरून मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, आलेल्या प्रोग्राममध्ये सुरुवातीच्या त्याच चार ओळी ऑपरेटरला हाताने बदलाव्या लागतात. मशीन संगणकाने चालणारे (सीएनसी), फॅनुक कंपनीच्या कंट्रोलचे आहे. जी-कोडला स्क्रिप्ट म्हणता येईल का?

उत्तर : साधा जी-कोड ही क्रमाने दिलेल्या हालचालींची यादी असते, तिच्यात निर्णय नसतो. निर्णय येतो तो कस्टम मॅक्रोमध्ये, म्हणजे कंट्रोलसाठी आपण स्वतः लिहिलेल्या उपप्रोग्राममध्ये, आणि तो निःसंशय स्क्रिप्ट आहे, कारण त्यात चल (मूल्य साठवण्याच्या जागा) आहेत, अटी आहेत, आवर्तने आहेत आणि कंट्रोलच्या आतली स्थिती वाचण्याची सोय आहे.

आपला फ्लँज यासाठी अगदी योग्य उदाहरण आहे. ९०१० क्रमांकाचा एक मॅक्रो एकदा लिहून ठेवावा आणि मुख्य प्रोग्राममधून ‘जी६५ पी९०१० ए०. आर५०. एच६’ अशी एकच ओळ द्यावी. येथे ए म्हणजे पहिल्या होलचा कोन, आर म्हणजे होलच्या वर्तुळाची त्रिज्या आणि एच म्हणजे होलची संख्या. कंट्रोल ही मूल्ये मॅक्रोच्या आत अनुक्रमे #१, #१८ आणि #११ या चलांत ठेवतो. अक्षर आणि चल यांचा हा संबंध ठरलेला आहे आणि तो मॅन्युअलमधल्या तक्त्यात मिळतो. मॅक्रो ३६० ला #११ ने भागून दोन होलमधला कोन काढतो, प्रत्येक फेरीत त्रिज्येला कोसाइन आणि साइनने गुणून एक्स आणि वाय काढतो, तेथे ड्रिलिंग सायकल चालवतो आणि मोजणी एकने वाढवतो. ऑर्डर बदलली की फक्त ती एक ओळ बदलायची.

मात्र मॅक्रो लिहिणाऱ्याची जबाबदारी येथे संपत नाही, आणि या भागाकडे फार दुर्लक्ष होते. ऑपरेटरने एच द्यायचे विसरले तर #११ मध्ये शून्य नसते, ते चल रिकामे असते, आणि फॅनुकमध्ये रिकामे आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मॅक्रोच्या सुरुवातीलाच प्रत्येक आवश्यक मूल्य ‘#० बरोबर आहे का’ असे तपासावे. असल्यास #३००० या सिस्टीम चलाला मूल्य देऊन कंसात छोटा संदेश लिहावा. मशीन अलार्म देऊन तेथेच थांबते आणि संदेश स्क्रीनवर दिसतो. त्रिज्या देताना दशांशबिंदू लिहिण्याची सक्ती करावी, कारण बऱ्याच मशीनवरील सेटिंगनुसार बिंदू नसलेले ५० म्हणजे ०.०५० मिलिमीटर ठरते. मोजणीसाठी #१०० सारखे सामाईक चल वापरण्याऐवजी #१ ते #३३ मधले स्थानिक चल घ्यावे. सामाईक चलात आधीच्या प्रोग्रामचे मूल्य शिल्लक असू शकते. पहिली चाचणी झेड वर उचलून, सिंगल ब्लॉकवर, फीड कमी ठेवूनच घ्यावी. एक्सेलच्या मॅक्रोतली चूक कागदावर उमटते, येथली चूक स्पिंडलवर उमटते. जुन्या कंट्रोलवर कस्टम मॅक्रो हा वेगळा विकत घ्यायचा पर्याय असतो, तेव्हा तो आपल्या मशीनवर चालू आहे का ते आधी पाहावे. सीमेन्स कंट्रोलची मॅक्रोभाषा वेगळी आहे, त्यामुळे हा मॅक्रो तेथे जसाच्या तसा चालणार नाही.

कॅममधल्या त्या चार ओळींचे मूळ पोस्ट-प्रोसेसरमध्ये आहे. कॅमने काढलेला टूलपाथ आपल्या कंट्रोलच्या बोलीत लिहून देणारी ती फाइल असते, आणि अनेक कॅम सॉफ्टवेअरमध्ये ती स्वतःच एक स्क्रिप्ट असते. फ्यूजनमध्ये तर ती जावास्क्रिप्टमध्ये असते. ती फाइल एकदा दुरुस्त करून घेतली की ऑपरेटरला प्रोग्रामला हात लावावा लागणार नाही.

प्रश्न (डीटीपी व्यावसायिक, रविवार कारंजा) : लग्नपत्रिका, स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल असे वर्षानुवर्षांचे काम जुन्या श्रीलिपी फॉण्टमध्ये आहे. ते इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड या सार्वत्रिक अक्षरसंकेतात आणायचे आहे. ऑनलाइन कन्व्हर्टरमधून मजकूर फिरवला तर ठळक-तिरपे निघून जाते, मधले इंग्रजी शब्द बिघडतात आणि रफार भलतीकडेच जातात. हे स्क्रिप्टने नीट होऊ शकेल का?

उत्तर : होऊ शकेल, आणि या पत्राला सविस्तर उत्तर देण्याची मला मनापासून इच्छा आहे, कारण मराठीतला फार मोठा छापील ऐवज आज याच अवस्थेत अडकलेला आहे.

आधी कन्व्हर्टर का चुकतो ते पाहू. जुन्या फॉण्टांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत आधी पहिली वेलांटी, मग न, पुन्हा पहिली वेलांटी, मग म, त्यावरचा रफार, मग त आणि शेवटी दुसरी वेलांटी असा क्रम असतो. युनिकोडमध्ये न, पहिली वेलांटी, र, हलन्त, म, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी असा क्रम लागतो. म्हणजे वेलांटी आपल्या अक्षरापलीकडे उजवीकडे न्यायची आणि रफार आपल्या अक्षरामागे डावीकडे आणायचा. अक्षर जेव्हा जोडाक्षर असते, तेव्हा हे सरकवणे एका वर्णापलीकडे नव्हे, तर संपूर्ण जोडाक्षरापलीकडे करावे लागते. जे कन्व्हर्टर नुसते एकास एक चिन्ह बदलतात, ते नेमके येथे फसतात.

त्यामुळे स्क्रिप्टमध्ये तीन पायऱ्या ठेवाव्यात. पहिल्या पायरीत चिन्हांचा तक्ता लावायचा, आणि त्यात अनेक चिन्हांनी बनलेले गट आधी, सुटी चिन्हे नंतर, असा क्रम कटाक्षाने पाळायचा. काही जुन्या फॉण्टांत पूर्ण अक्षर हे अर्धे अक्षर आणि काना यांच्या जोडणीतून बनते, आणि सुटे चिन्ह आधी बदलले तर असे गट कायमचे तुटतात. दुसऱ्या पायरीत वेलांटी हलवायची आणि तिसऱ्या पायरीत रफार. हिंदीसाठी बनवलेले तक्ते मराठीला तसेच लावू नयेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक ज्या तक्त्याला ठाऊक नाही, तो लग्नपत्रिकेसाठी बिनकामाचा. हा दुसऱ्या शब्दातला र युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून लिहितात.

आता इनडिझाइनचा भाग. या सॉफ्टवेअरचे ऑब्जेक्ट मॉडेल अतिशय विस्तृत आहे आणि ते जावास्क्रिप्टमधून विंडोज व मॅक या दोन्हींवर चालवता येते. आपली ठळक-तिरप्याची आणि इंग्रजी शब्दांची अडचण येथेच सुटते, कारण स्क्रिप्ट मजकूर बाहेर न काढता दस्तऐवजाच्या आतच बदलू शकते. प्रत्येक स्टोरी (सलग जोडलेला मजकूर) टेक्स्ट स्टाइल रेंजमध्ये, म्हणजे सलग एकाच फॉण्टच्या व शैलीच्या तुकड्यांत, विभागलेली मिळते. स्क्रिप्टने प्रत्येक तुकड्याला विचारावे की तुझा फॉण्ट कोणता. तो जुन्या मराठी फॉण्टांच्या यादीत असेल तरच मजकूर फिरवावा, आणि जुना फॉण्ट ठळक असेल तर नव्या फॉण्टचा ठळक प्रकार लावावा. यादीत नसेल तर त्याला स्पर्शही करू नये. तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे घ्यावेत, कारण मजकुराची लांबी बदलली की पुढच्या तुकड्यांच्या जागा सरकतात. परिच्छेदांना वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींची जोडणी करणारी सोय, लावणे ही शेवटची आज्ञा. ती राहिली तर जोडाक्षरे सुटी दिसतात आणि सगळा दोष उगाचच स्क्रिप्टवर येतो.

इनडिझाइनमध्ये संपूर्ण स्क्रिप्ट ‘अनडू’ची एकच पायरी म्हणून चालवता येते, ही मोठी सोय आहे, तशी ती चालवावी. श्रीलिपीच्या फॉण्टमालिका एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे तक्ते सारखे नाहीत, म्हणून एका मालिकेतले एक पान आधी करून, छापून, जुन्या पानाशेजारी ठेवून वाचावे. वाचणारी व्यक्ती मुद्रितशोधनाची सवय असलेली हवी.

प्रश्न (संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, गंगापूर रोड) : मोठे ॲप्लिकेशन सी++ मध्ये लिहिलेले असताना त्याच्या पोटात पायथन किंवा लुआसारखी दुसरी, तुलनेने संथ भाषा का बसवतात? सगळे एकाच भाषेत का लिहीत नाहीत?

उत्तर : या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर जॉन औस्टरहाउट यांच्या कामात सापडते. १९८० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते आणि त्यांचे विद्यार्थी चिपच्या आराखड्याची साधने तयार करत होते. प्रत्येक साधनाला वापरकर्त्याच्या आज्ञा घेण्यासाठी एक छोटी भाषा लागे, आणि प्रत्येक वेळी ती घाईने, अर्धवट बनवली जाई. त्यांनी ठरवले की आज्ञाभाषा एकदाच नीट करावी आणि कोणत्याही सी प्रोग्राममध्ये बसवता येईल अशी लायब्ररी म्हणून ठेवावी. त्यातून टिकल ही भाषा झाली. चिप आणि एफपीजीए (हवी तशी रचना करता येणारी चिप) यांची साधने आजही तिच्याच आज्ञा घेतात. व्हिवाडो हे असे एक साधन उघडलेत तर खाली टिकल कन्सोल दिसेल. पुढे १९९८ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात त्यांनी मांडले की सी सारख्या भाषा घटक बनवण्यासाठी असतात आणि स्क्रिप्टिंग भाषा तयार घटक जोडण्यासाठी. जोडणीच्या कामात वेळ मुख्यतः घटकांच्या आत जातो, म्हणून जोडणाऱ्या भाषेचा संथपणा फारसा जाणवत नाही.

लुआचा जन्मही अशाच गरजेतून झाला. १९९३ साली रिओ दी जानेरोच्या पोन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठात रॉबर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दी फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती बनवली, पेट्रोब्रास या तेलकंपनीसाठी चाललेल्या कामांतून. तिचा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग, काहीशे किलोबाइटचा, म्हणून तो खेळांपासून रेडिससारख्या डेटाबेसपर्यंत सर्वत्र बसतो.

पण आकारापेक्षाही मला तिचा दुसरा गुण मोलाचा वाटतो : यजमान ॲप्लिकेशन जेवढी फंक्शने देईल तेवढीच लुआ स्क्रिप्टला दिसतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये खेळाडूंनी लिहिलेली ॲड-ऑन लुआत असतात, तरी त्यांना खेळाडूच्या संगणकावरची कोणतीही फाइल उघडता येत नाही, कारण खेळाने ती सोय त्यांच्यापुढे ठेवलेलीच नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या पायथनचे तसे नाही. तेथे स्क्रिप्टला पूर्ण पायथन मिळते, त्याचे सामर्थ्य मिळते आणि त्याची जोखीमही मिळते. अनोळखी लोकांच्या स्क्रिप्ट चालवायच्या असतील तर पहिला मार्ग, तज्ज्ञ वापरकर्त्याला मोकळीक द्यायची असेल तर दुसरा. आपल्या प्रकल्पासाठी सुचवतो : सी मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहा, त्यात लुआ बसवा, फक्त दोन फंक्शने तिला द्या आणि मग त्या दोनांतून वापरकर्ता काय काय करू शकतो ते पाहा. सॉफ्टवेअर बाहेरच्यांना किती खुले करावे, हा निर्णय किती कठीण आहे, ते त्यातून चांगले समजेल.

प्रश्न (पतसंस्थेतील लिपिक, सिन्नर) : बाहेरून आलेल्या एक्सेल फाइलीवर कधी पिवळी, कधी लाल पट्टी येते. पिवळ्या पट्टीवरचे बटण दाबले तर काय होते? मॅक्रो मुळात धोकादायक असतात का?

उत्तर : पिवळ्या पट्टीवरचे ‘एनेबल कंटेंट’ हे बटण दाबले की फाइलीतली स्क्रिप्ट आपल्या अधिकाराने चालते. ज्या फोल्डरमध्ये आपण जाऊ शकता, जी फाइल आपण पुसू शकता, ज्या खात्यातून आपण ई-मेल पाठवू शकता, ते सर्व तिलाही करता येते. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा विषाणूने हेच केले होते : वर्डच्या फाइलीतला मॅक्रो आउटलुकला आज्ञा देऊन पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना तीच फाइल पाठवत असे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच बंद केले. लाल पट्टी त्याचीच आहे आणि तिच्यावर चालू करण्याचे बटण नसते. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करण्याचा सल्ला पाठवणाऱ्याने फोनवर दिला, तरी तो लगेच मानू नये. आपल्या संस्थेत कोणते मॅक्रो वापरात आहेत याची यादी असावी, ते संस्थेच्या ठरावीक फोल्डरमधूनच उघडावेत, आणि बाहेरून माहिती हवी असेल तर ती मॅक्रोरहित एक्सएलएसएक्स किंवा सीएसव्ही स्वरूपात मागावी. ठेवीदारांची माहिती ज्या संगणकावर आहे, तेथे एवढी कडक शिस्त योग्यच आहे.

प्रश्न (कर सल्लागार, शरणपूर रोड) : आम्ही वापरतो त्या एका सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रोची कोणतीच सोय नाही. माउसचे क्लिक नोंदवून पुन्हा चालवणारी साधने वापरावीत का?

उत्तर : दुसरा मार्ग नसेल तेव्हाच. अशी साधने पडद्यावरच्या जागेवर किंवा बटणाच्या नावावर अवलंबून असतात; सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, मध्येच सूचनेची खिडकी उघडली, पडद्याचे रिझोल्यूशन बदलले की ती भलतेच बटण दाबतात, आणि आपण दाबले ते चुकीचे होते हे त्यांना कळत नाही. आधी पाहावे की ते सॉफ्टवेअर सीएसव्ही, एक्सएमएल किंवा जेसन स्वरूपातली फाइल आत घेते का. घेत असेल तर आपली स्क्रिप्ट ती फाइल तयार करण्यापुरतीच ठेवावी. विंडोजवर असे काही नव्याने लिहिणार असाल तर व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहू नये; मायक्रोसॉफ्टने २०२३ साली ती भाषा निवृत्तीच्या यादीत टाकली आहे. पॉवरशेल किंवा पायथन घ्यावे.

प्रश्न (कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवरील लेखनिक, लासलगाव) : लिलाव झाल्यावर शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई हे सर्व आम्ही एक्सेलमध्ये भरतो आणि संध्याकाळी टॅलीत पुन्हा एकेक व्हाउचर टाकतो. यासाठी टीडीएल शिकावे लागेल का?

उत्तर : या कामासाठी नाही. टीडीएल ही टॅलीची स्वतःची भाषा आहे आणि ती टॅलीच्या आत चालते; टॅलीच्या पडद्यावर नवा रकाना हवा, हिशोबपट्टी आपल्या पद्धतीने छापायला हवी, एखादा वेगळा अहवाल हवा, तर टीडीएलला पर्याय नाही. बाहेरची माहिती आत पाठवायला मात्र टॅली दुसरी सोय देते. सेटिंगमध्ये परवानगी दिली की टॅली स्वतः सर्व्हरसारखी बसते, बहुधा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, आणि एक्सएमएल स्वरूपातली व्हाउचरे स्वीकारते. आपल्या एक्सेल फाइलीतून असे एक्सएमएल तयार करून पाठवणारी स्क्रिप्ट व्हीबीएमध्येही लिहिता येते आणि पायथनमध्येही. टॅलीच्या दृष्टीने भाषेला महत्त्व नाही, मजकुराचा साचा बरोबर असला की झाले.

दोन ठिकाणी काम अडते. लेजरचे, म्हणजे खात्याचे, नाव टॅलीत आहे तसेच यावे लागते. एक्सेलमध्ये लेखनिकाने शेतकऱ्याच्या नावाआधी ‘श्री.’ लावले किंवा गावाचे नाव जोडले की ते व्हाउचर नाकारले जाते. म्हणून एक्सेलमध्ये नाव टाइप करू देऊ नये. टॅलीतून काढलेल्या लेजरच्या यादीतून निवडायला लावावे. दुसरी अडचण अशी की तीच फाइल चुकून दोनदा पाठवली तर नोंदी दोनदा पडण्याची भीती असते. प्रत्येक ओळीसमोर ‘पाठवले’ असा एक रकाना ठेवावा आणि तो स्क्रिप्टनेच भरावा, तोही टॅलीचे उत्तर वाचल्यावर. टॅली प्रत्येक वेळी किती नोंदी नव्या झाल्या, किती बदलल्या आणि किती चुकल्या, हे आकडे उत्तरात कळवते. पाठवलेल्या ओळी आणि नव्या झालेल्या नोंदी यांचा मेळ बसला नाही, तर स्क्रिप्टने पुढे न जाता थांबावे आणि अडलेली ओळ दाखवावी. सुरुवात चालू वहीवर करू नये. टॅलीतल्या कंपनीचा बॅकअप घेऊन तो वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावा, एका दिवसाचे लिलाव त्या प्रतीत पाठवावेत आणि संध्याकाळी हाताने टाकलेल्या व्हाउचरांशी शेतकऱ्यागणिक ताळा करून पाहावा. सलग काही दिवस ताळा जुळला की मगच हाताची नोंद बंद करावी.